गोदाबाईंची कॅसेट

श्रीधरराव पाहुण्यांना आपला संग्रह दाखवायला लागले की सगळ्यात शेवटी कपाटातल्या एका रिकाम्या खाचेवर बोट ठेवत. मग येणारं वाक्य आनंदीला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाठ झालेलं होतं. "सुखदेवबुवांची शेवटची मैफल इथे होती. होती. पुढचं आमच्या हिला विचारा." पाहुणे हसायचे. तेवढ्यात आनंदी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची, आणि उरलंसुरलं हसू तिच्याकडे बघून संपवलं जायचं. अठरा वर्षं तिने तो चहा नेला. एकदाही कुणाच्या मांडीवर सांडला नाही, याचं तिला आता नवल वाटतं.

घर नारायण पेठेतलं, तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्न होऊन ती आली तेव्हा संग्रह एका ट्रंकेत मावत होता. पुढे कॅसेटी आल्या. नव्वद सालानंतर बाजार मोकळा झाला, कोऱ्या कॅसेटी किराणा दुकानात साखरेच्या शेजारी मिळायला लागल्या, आणि मग या संग्रहाला कुणी आवरच घालेना. आधी पुस्तकांचं कपाट गेलं, मग मुलाचं अभ्यासाचं टेबल, मग पाहुण्यांची गादी. सीडी निघाल्या तेव्हा त्यांच्यासाठी रॅक आला. तो ठेवायला जागा एकच उरली होती, आनंदीचा तानपुरा उभा असायचा तो कोपरा. "तू आता कुठे गातेस?" असं श्रीधररावांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तानपुरा माळ्यावर चढवला. माळ्यावर उंदरांनी त्याचा भोपळा कुरतडला. त्यावर श्रीधरराव एवढंच म्हणाले, की बरं झालं कॅसेटी वर ठेवल्या नाहीत.

संग्रह श्रीधररावांचा आणि सांभाळायची आनंदी, अशी या घरातली वाटणी. पावसाळा संपला की प्रत्येक कॅसेट मशीनवर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवावी लागते. नाहीतर फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. दसरा ते दिवाळी हे काम चालायचं. शेजारणी डबे घासत, चकलीची भाजणी करत, तेव्हा आनंदी कॅसेटी फिरवत असायची. फीत तुटली तर जोडायची तिने. मशीनचं डोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं तिने. पेपरात श्रीधररावांवर लेख आला तेव्हा त्यात 'एकहाती जोपासलेला संग्रह' असं छापलं होतं. तो पेपर तिने रद्दीत घातला, आणि श्रीधररावांनी तो परत काढून घडी करून ठेवला.

आणि लाल दिवा. रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवून काही भरून घ्यायचं असलं की मशीनचा लाल दिवा लागायचा आणि घरातला आवाज बंद व्हायचा. कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, फ्रिज बंद करायचा, बांगड्या काढून ठेवायच्या. कुणी दारातून बोलत आलं की श्रीधरराव ओठांवर बोट ठेवायचे. राजसला लहानपणी डांग्या खोकला झाला होता, तेव्हा लाल दिवा लागला म्हणून आनंदी त्याला उचलून जिन्यात जाऊन बसली होती. पोर खोकून खोकून निळं पडलं होतं. आत एक मोठे गवई निवांत आळवत होते. ते रेकॉर्डिंग फार स्वच्छ आलं, असं श्रीधरराव अजून सांगतात.

एवढ्या सगळ्यात आनंदीची म्हणावी अशी एकच कॅसेट होती. गोदाबाईंची.

गोदाबाई शनिपारामागे एका खोलीत राहायच्या. त्यांनी कधी रेडिओवर गायलं नाही, कधी सभागृहात बसल्या नाहीत, त्यांचा फोटो कुणी छापला नाही. चार-पाच मुलींना गाणं शिकवलं, त्यांतली एक आनंदी. मारव्यातली एक चीज त्यांनी स्वतः बांधली होती आणि ती फक्त आनंदीला दिली. आनंदीच्या भावाने मस्कतहून एक भारी कॅसेट आणली होती, सोनेरी पट्ट्याची. घरात तशी दुसरी नव्हती. ती आणि मशीन घेऊन आनंदी एका संध्याकाळी गोदाबाईंकडे गेली आणि दोन्ही बाजू भरून त्यांची तालीम रेकॉर्ड करून घेतली. आनंदीचं कुठे चुकतं, बाई कुठे थांबवतात, पुन्हा म्हणून दाखवतात, सगळं त्यात होतं. कॅसेट भरल्यावर तिने डोक्यातली पिन काढली आणि कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून टाकले. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही, आतलं कायमचं राहतं. "हे काय केलंस?" गोदाबाईंनी विचारलं होतं. "आता हे कुणाला पुसता येणार नाही," आनंदी म्हणाली होती. बाईंना ते फार आवडलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीत गोदाबाई गेल्या. वर्षभर आनंदीला ती कॅसेट ऐकवेना. मग ऐकायचं म्हटलं तर श्रीधररावांचा नियम आडवा आला. दुर्मीळ कॅसेट वाजवायची नाही, वाजवली की झिजते. फिरवून ठेवायची. "कॉपी काढतो, मग पोटभर ऐक," ते म्हणाले. कॉपीसाठी रांग होती आणि रांगेत गोदाबाईंच्या पुढे नेहमी कुणीतरी मोठं नाव यायचं. तोवर चिजेचा अंतरा आनंदीच्या तोंडातून गेला. आधी एक शब्द गेला, मग एक ओळ, मग सगळाच. अस्ताई, चिजेचा पहिला भाग, राहिली. भाजी चिरताना ती गुणगुणायची आणि अंतऱ्यापाशी येऊन थांबायची. दर वर्षी दसऱ्यानंतर सोनेरी पट्ट्याची ती कॅसेट पुढे फिरवायची, मागे फिरवायची, कव्हरात घालायची आणि मनात म्हणायची, आहे, आत आहे.

राजस आता खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि तिकडेच राहत होता. एका संस्थेने श्रीधररावांचा संग्रह घ्यायचं ठरवलं. त्यांच्या नावाची खोली होणार होती, सभागृहात सत्कार होणार होता. त्याआधी सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं म्हणून राजस रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने मशीन वायरीने त्याला जोडलं.

"आधी माझी ही," आनंदी म्हणाली आणि तिने कॅसेट त्याच्या हातात दिली.

"एक मिनिट वाजवून आवाज किती येतो बघतो," राजस म्हणाला. "पूर्ण चढवायला दीड तास लागेल. ते पुढच्या रविवारी. आज फक्त सगळ्यांची लेव्हल चेक करून ठेवतो."

त्याने बटण दाबलं. आनंदी पदराला हात पुसत पुढे झाली. तिला एवढंच वाटत होतं, की बाई आता खाकरतील. त्या नेहमी आधी खाकरायच्या.

तबला वाजला. मागे माणसांची कुजबुज, कुणीतरी "वा" म्हणालं, आणि एका म्हाताऱ्या गवयाचा जाड, खरखरीत आवाज तोडीत शिरला. आनंदीला वाटलं, कव्हर बदललं. मग तिने मशीनच्या खिडकीतून बघितलं. सोनेरी पट्ट्याची कॅसेट फिरत होती.

श्रीधरराव आतल्या खोलीत शर्टाला बटणं लावत होते. ते तसेच अर्ध्या बटणांनिशी धावत बाहेर आले.

"मिळाली," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अरे राजस, हे सुखदेवबुवा. प्रभात रोडवरच्या बंगल्यातली रविवार सकाळची मैफल. यानंतर बुवा गायलेच नाहीत. जगात दुसरीकडे कुठे नाही ही. अगं, मिळाली."

त्यांनी आनंदीचा खांदा धरून हलवला. लग्नानंतर इतक्या आनंदाने त्यांनी तिला कधी हलवलं नव्हतं.

"ही माझी कॅसेट आहे," आनंदी म्हणाली.

"अगं, कुणाची का असेना."

"यात गोदाबाई होत्या."

श्रीधररावांनी कॅसेटकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी आधी शर्टाचं राहिलेलं बटण लावलं.

"त्या दिवशी रविवार होता," ते म्हणाले. "दुकानं बंद. निघताना बघतो तर कोरी एकही नाही. मशीनपाशी खणात कव्हराशिवाय एक पडली होती. मला वाटलं, कोरी आहे."

आनंदीने मशीन थांबवलं, कॅसेट बाहेर काढली आणि उलटी करून त्यांच्यासमोर धरली. पाठीवर मोडलेल्या तुकड्यांच्या दोन भोकांवर चिकटपट्टीचे दोन चौकोन होते. पिवळे पडलेले, पण घट्ट. भोकं बुजवली की मशीन फसतं आणि पुन्हा रेकॉर्ड करू देतं. हे श्रीधररावांनीच तिला शिकवलं होतं. जुन्या बाजारातून आणलेल्या निम्म्या कॅसेटींना अशा पट्ट्या होत्या, म्हणून इतकी वर्षं हातात धरूनही तिला ही पट्टी दिसली नव्हती. त्याचाही तिला संताप आला, स्वतःचा.

"कोऱ्या कॅसेटला पट्टी लावावी लागते?"

श्रीधररावांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"या घरात कॅसेटी भरणारी माणसं दोन. तुमची एकूण एक तुम्हाला कव्हर न बघता ओळखता येते. जी ओळखता आली नाही ती कुणाची असणार होती?"

"गडबडीत होतो गं. लक्षात नाही आलं."

"पट्टी कापून दोन्हीकडे मापात चिकटवण्याइतका वेळ होता."

"आई," राजस मध्ये पडला, "बाबांनी मुद्दाम नाही केलेलं."

"तू गप्प बस," आनंदी म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं आणि तिने त्याला विचारलं, "वर दुसरं रेकॉर्ड झालं, तर खालचं काढता येतं? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही असेल."

"नाही गं. ओव्हरराइट झालं की गेलं."

"मोठ्या कंपनीत दिली तरी?"

"कुठेही दिली तरी. टेपवर रिकव्हरी नसते."

श्रीधरराव तोवर खुर्चीत बसले होते आणि त्यांना धीर आला होता. "हे बघ," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण शेवटी ती शिकवणी होती. चुकणं, थांबणं, पुन्हा म्हणणं. आणि हे काय आहे ते तुलाही कळतं. तराजूत घालून बघ. शिवाय तूच ती उचलून गोदाबाईंच्या कव्हरात घातलीस, म्हणून तर इतकी वर्षं सापडली नाही. मी म्हणतच होतो, हिने कुठेतरी ठेवलीय."

कव्हरात तिनेच घातली होती, ते खोटं नव्हतं. तिला तो रविवार आठवला. दुपारी श्रीधररावांबरोबर पाच-सहा लोक आले होते, त्यांना जेवायला वाढून झालं होतं, आणि मशीनवर तिला तिची सोनेरी पट्ट्याची कॅसेट दिसली होती. तिला वाटलं होतं, ह्यांनी गोदाबाईंना ऐकलं. न सांगता, आपलं आपण ऐकलं. तिने वरची धूळ पुसून ती कव्हरात घातली होती आणि त्या आनंदात संध्याकाळी शिरा केला होता. श्रीधररावांनी दोनदा मागून घेतला होता. त्या शिऱ्याची तिला आता शिसारी आली.

राजस संध्याकाळी खराडीला गेला. "पुढच्या रविवारी सगळ्यात आधी बुवांची," असं श्रीधररावांनी त्याला जिन्यातून दोनदा सांगितलं. मग ते फोनवर बसले. ज्याला त्याला सांगत होते, मिळाली, घरातच होती, आमच्या हिच्या कॅसेटींत. पलीकडचा माणूस हसला की हेही हसत. एका मित्रावर त्यांचा कैक वर्षं संशय होता, त्यालाही फोन केला आणि मोठ्या मनाने माफ केलं. सत्कारात ही मैफल दहा मिनिटं ऐकवायची, असं ठरलं. गोदाबाईंचं नाव त्या एकाही फोनमध्ये आलं नाही.

आनंदी रोजची कामं करत होती. पोळ्या लाटत होती, कपडे वाळत घालत होती, आणि आतून जळत होती. तिला भांडायचं होतं, पण भांडायला समोर माणूस हवा. समोर एक सुखी म्हातारा होता. मंगळवारी तो तिला म्हणाला, "त्या कॅसेटच्या कव्हरावरचं तुझं अक्षर खोडून ठेव, संस्थेचे लोक गोंधळतील." आनंदीने "बरं" म्हटलं. इतकी वर्षं ती बरं म्हणत आली होती, त्यामुळे या 'बरं'मध्ये काही वेगळं आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळचा चहा घेऊन श्रीधरराव सत्काराचं बोलायला संस्थेत गेले. दार लागल्याचा आवाज आला. आनंदीने पातेल्यावर झाकण ठेवलं, गॅस बंद केला, मग फ्रिज बंद केला. गॅलरीचं दार लावलं. बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या. कपाटातून श्रीधररावांचा मायक्रोफोन काढला. तो त्यांच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला असायचा, आणि तो रुमाल दर महिन्याला धुणारी तीच होती. राजसने लावलेली वायर सोडवली, मायक्रोफोन लावला, मशीनचं डोकं स्पिरिटने पुसलं.

कॅसेट हातात घेऊन तिने पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. घट्ट होत्या. काम चोख होतं श्रीधररावांचं. तिच्या मनात एकदा सुखदेवबुवाही आले. त्यांनी तिचं काही वाईट केलं नव्हतं. त्या सकाळी ते जीव तोडून गायले असणार, आणि आपण कुणाच्या आवाजावर बसलोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिने त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. मग कॅसेट मशीनमध्ये घालून दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि लाल दिवा लागला.

तानपुरा नव्हता. तिने तसाच सूर लावला. आवाज फाटका निघाला, इतक्या वर्षांच्या न गाण्याने त्याला गंज चढला होता. ती थांबली नाही. मारव्याची वेळ होत आली होती, खिडकीत ऊन पिवळं झालं होतं. कोमल ऋषभावर ती रागाने जाऊन उभी राहिली, आणि गोदाबाई म्हणायच्या तशी षड्जाला न टेकता पुढे गेली. अस्ताई म्हटली. पुन्हा म्हटली. अंतऱ्यापाशी येऊन थांबली.

"अंतरा मला आठवत नाही," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली. "ही चीज गोदाबाईंची. अंतरा याच फितीवर होता."

मग ती पुन्हा अस्ताईवर आली. चुकलं तिथे थांबून पुन्हा म्हटलं, बाई जसं म्हणायला लावायच्या तसं. चुकणं, थांबणं, पुन्हा म्हणणं. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

कुलपात किल्ली फिरली. "अगं, ते लोक म्हणतात दहा मिनिटं कशाला, अर्धा तास..." असं बोलतच श्रीधरराव आत आले. आनंदीने गाणं न थांबवता त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी लाल दिवा बघितला आणि ते जागच्या जागी थांबले. एक चप्पल पायात होती, दुसरी सुटत आली होती, ती त्यांनी आवाज होऊ नये म्हणून तशीच पायाच्या अंगठ्यात धरली. मायक्रोफोनचा रुमाल त्यांना दिसला. मग टेबलावरचं उघडं कव्हर दिसलं. मशीनच्या खिडकीत सोनेरी पट्ट्याची कॅसेट फिरत होती. त्यांचा हात भिंतीला गेला.

पहिली बाजू संपली. खट्ट करून बटण वर आलं आणि दिवा विझला.

"आनंदी," श्रीधरराव म्हणाले. त्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "दुसरी बाजू तरी. तुझ्या पाया पडतो. दुसरी बाजू अजून आहे, ती तरी..."

आनंदीने कॅसेट बाहेर काढली, उलटी केली, पट्टी नीट बसलीय ना ते बघितलं आणि परत आत घातली. दोन्ही बटणं दाबली. लाल दिवा लागला.

तिने ओठांवर बोट ठेवलं. दिवा चालू असताना या घरात कुणी बोलत नसे, आणि श्रीधररावही बोलले नाहीत.